बसून आलीस का?

चि. माऊ हिस,
अनेक आशीर्वाद.

डिंकाच्या लाडवांचा डबा पोचला हे तू कळवलंस, चक्कर आली हे मात्र जावईबापूंकडून कळलं. लोकलमध्ये डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तुला वाटलं डब्यातले दिवेच गेले, असं तू त्यांना हसत सांगितलंस म्हणे. तुझी आई काही हसली नाही.

दादरपासून उभी होतीस. ठाण्याला जागा मिळाली, ती काठीवाल्या आजींना दिलीस. चांगलं केलंस. नाही, चांगलं नाही केलंस. सहावा चालू आहे, 'मला बसू द्या' म्हणायला कसली लाज? अपंगांच्या डब्यात गरोदर बायकांना चालतं, असं जावईबापू म्हणाले. तिथं का चढत नाहीस? रागवायचं नाही असं ठरवून पेन घेतलं होतं. राहू दे.

मागच्या वर्षी तुझ्याकडं आलो तेव्हा आईला बायकांच्या डब्यात कुणीतरी विचारलं, "मावशी, कुठं उतरणार?" हिला वाटलं, चौकशी करतायत. हिनं पार गाव, तालुका, तुझं सासर, सगळं सांगितलं. ती सीट धरून ठेवायची रीत आहे, हे नंतर तूच सांगितलंस. म्हणजे तिथं सगळ्याच मागतात ना? मग तूच तेवढी का नाही मागत?

तीस वर्षं कंडक्टरकी केली. खिडकीवर 'महिलांसाठी राखीव' रंगवलेलं असायचं आणि बरोबर त्याच्याखाली डोकं टेकून गडी झोपेचं सोंग घ्यायचे. कुंभार्लीच्या घाटात एक पोटुशी बाई दांडा धरून उभी होती. तिला माझी सीट दिली नि चिपळूणपर्यंत उभ्यानं गेलो, हे तुम्हा पोरांना किती वेळा ऐकवलं असेल! एक सांगितलं नाही. राखीव सीटवरच्या त्या गड्याला उठवायचा मला हक्क होता. पण वाद कोण वाढवणार, म्हणून गप्प बसलो. आणि ती बाईही काही बोलली नव्हती.

तू दुसरीत होतीस. अंगात ताप, म्हणून माझ्याच गाडीनं कराडला डॉक्टरकडं नेत होतो. मल्हारपेठेला गुरुजी चढले. कंडक्टरची पोर बसून राहिली तर लोक काय म्हणतील, म्हणून मी तुला उठवलं. माझ्या चामडी पिशवीचा पट्टा धरून तू कराडपर्यंत उभी आलीस. हात माझ्या मनगटाला लागला की चटका बसायचा. 'आप्पा, पाय दुखतायत' एवढंही म्हणाली नाहीस. गुरुजी म्हणाले, गुणाची पोर आहे. माझी छाती फुगली. परवापासून तोच चटका आठवतोय.

उपदेश फार झाला. आजीची तब्येत बरी आहे. पंचाहत्तरी झाल्यापासून एसटी फुकट, त्यामुळं पाय घरात ठरत नाही तिचा. सातवा लागला की तुला न्यायला येतोच. रजेचा अर्ज आत्ताच टाक.

तोवर रोज डोंबिवलीला उतरलीस की मिसकॉल दे. बसून आलीस तर एक, उभी आलीस तर दोन. खोटा देऊ नकोस, जावईबापूंना विचारणार आहे.

तुझे,
आप्पा