लावणीला रियाज लागत नाही, हे कोणी सांगितले?

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला अभिरुचीवरचा लेख वाचून आलेला राग अजून उतरलेला नाही. लेखक विद्वान आहेत, भाषाही सुरेख आहे. पण रियाजाने कमवावे लागते ते अभिजात आणि ढोलकीवर लगेच डोलायला लावते ते लोकरंजन, अशी वाटणी करण्यापूर्वी त्यांनी बैठकीची लावणी समोर बसून ऐकली होती का? मी स्वतः शास्त्रीय गाणे शिकवत आले, म्हणून विचारते. जागचे न उठता एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची, दर वेळी डोळ्यांनी, बोटांनी तिचा वेगळा अर्थ काढायचा आणि सूर ढळू द्यायचा नाही, हे आपोआप येते? यमुनाबाई वाईकरांचे अख्खे आयुष्य त्यात गेले. पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर.

आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मी बैठकीच्या लावणीचा कार्यक्रम सुचवला होता. कलावंत बाईंशी बोलणेही झाले होते. समितीचे अध्यक्ष म्हणाले, ‘‘बाई, आपला श्रोता वेगळा आहे. घरच्या लेकी-सुना येतात.’’ ठुमरीतही शृंगारच असतो, ती गेल्या वर्षी कशी चालली, असे मी विचारले. कोणी उत्तर दिले नाही. त्या बाईंना नकार कळवायचे काम मात्र माझ्याच गळ्यात पडले. पुढच्या वर्षी त्याच सभागृहात शहरातल्या एका नृत्यवर्गाच्या मुलींनी लावणी सादर केली, तीही तिकीट लावून. पहिल्या रांगेत अध्यक्ष सहकुटुंब बसले होते. तेव्हा लेकी-सुनांचा प्रश्न कोणालाच पडला नाही. आक्षेप लावणीला नव्हताच, ती कोणत्या घरातली बाई गाते याला होता.

मद्रासकडे देवदासींच्या सादिर या नृत्याचे हेच झाले. १९३० च्या दशकात वरच्या घरांतल्या मुली ते शिकू लागल्या, १९३६ मध्ये रुक्मिणीदेवींनी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढली, भरतनाट्यम हे नाव रूढ झाले आणि ज्यांनी ती विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्या बाया, बालसरस्वतींसारखा अपवाद सोडला तर, बाहेर राहिल्या. आपल्याकडेही होनाजी बाळाची भूपाळी पहाटे भक्तिभावाने ऐकायची आणि त्याच होनाजीच्या लावण्यांना नाक मुरडायचे, हे चालतेच. सरकारही यातून सुटलेले नाही. बा. वि. केसकर मंत्री असताना १९५२ मध्ये आकाशवाणीवरची चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. एवढ्या मोठ्या लेखात यातल्या एकाही गोष्टीला जागा मिळू नये?

आणखी एक तक्रार, ती आपल्याकडेच. लेखासोबतच्या मैफलीच्या छायाचित्राखाली गायिका, तबला, संवादिनी, इतकेच काय, तानपुऱ्यावरच्या शिष्येचेही नाव आहे. शेजारच्या चित्राखाली फक्त ‘तमाशातील एक दृश्य’. त्यात ढोलकीवाल्याचा चेहरा स्वच्छ दिसतो आहे. फडमालकाला एक फोन केला असता तर नाव कळले असते. येत्या रविवारी ते छापावे, आणि गायिकेचे छापले आहे त्याच आकारात.

– एक निवृत्त संगीत शिक्षिका