रेवती जात्यावर कधी बसली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला 'संगीत संशयकल्लोळ'वरचा लेख वाचला. लेखापेक्षा फोटोनेच जास्त करमणूक केली. खाली ओळ 'रेवतीच्या भूमिकेत बालगंधर्व', आणि वर ठिगळाच्या लुगड्यात जात्याशी बसलेली 'एकच प्याला'तली सिंधू! 'संशयकल्लोळ'ची नायिका रेवती कलावंतिणीच्या घरातली. ती दळायला कधी बसली ते लेखकमहाशयांनाच ठाऊक. ज्या नाटकाचं मूळ नावच 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा', त्याच्यावर लिहिताना तसबिरीचाच घोटाळा करून आपण नाटककार गो. ब. देवलांना आदरांजली वाहिलीत, असं समजतो.

फोटोचं एक वेळ सोडून देऊ. पण नाटकातली गाणी 'नंतर घुसडली' असं लिहिलंय ते सोडवत नाही. १८९३चं 'फाल्गुनराव' गद्य होतं, कबूल. पण पदं रचली कोणी? देवलांनीच. जून १९१६मध्ये ते गेले आणि ऑक्टोबरात गंधर्व मंडळीने हे नाटक पदांसकट रंगभूमीवर आणलं. रेवती बालगंधर्व, फाल्गुनराव गणपतराव बोडस. माणूस आपल्याच नाटकात आपलीच पदं घालतो, त्याला घुसडणं म्हणतात होय? (मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरचं नाव घेतलंत ते बरं केलंत. ज्याच्या इंग्रजी नाटकावरून देवलांनी हे घेतलं, त्या मधल्या आर्थर मर्फीला आणि त्याच्या 'ऑल इन द राँग'ला मात्र साफ गाळलंत.)

एवढं चिडायला कारण आहे. गेल्या महिन्यात बेळगावात या नाटकाचा प्रयोग झाला. संस्थेचं नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. साडेसहाची वेळ. आधी दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ. ज्यांना शाल मिळाली त्यांचं भाषण, ज्यांनी दिली त्यांचंही भाषण. पडदा वर जायला पावणेआठ! पदं ऐकायला म्हणून आम्ही खानापूरहून गेलेलो. नायकाचं, आश्विनशेठचं काम करणारा मुलगा तयारीचा होता. 'मृगनयना' सुरू केलं, दरबारी रागाचा गंधार असा काही लावला की मागची कुजबुज थांबली. आणि विंगेतून एक हात बाहेर आला, मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत. तबलजीने पेटीवाल्याकडे पाहिलं, पेटीवाल्याने पोराकडे. समेवर यायच्या आतच पद गुंडाळलं. माझ्या शेजारी एक कन्नड गृहस्थ होते, नाटकातलं अर्धं मराठी त्यांना कळत नसावं, खास गाण्यासाठी आलेले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "इष्टेना?" म्हणजे, एवढंच? काय उत्तर देणार? पुढची चार-पाच पदं तर कुणी तोंडातूनही काढली नाहीत. शेवटी विचारायला गेलो, तर कार्यकर्ते म्हणतात, "काका, गाणी काय, नंतर टाकलेलीच आहेत की. हॉल दहाला सोडायचा होता." आता त्यांच्या हातात आपल्या लेखाचं कात्रणही आलं.

सत्काराची भाषणं कापली असती तर देवलांचं एक अक्षरही कापावं लागलं नसतं. पण ती कोण कापणार? पुढच्या वर्षी देणगी हवी असते ना.

लेखात पुणे-मुंबई वारंवार येते, बेळगाव औषधालाही नाही. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावकडच्याच गुर्लहोसूरचे, बेळगावात शिक्षक होते आणि देवल त्यांचे विद्यार्थी, हे सीमाभागात निघणाऱ्या पत्राने पुण्याच्या लेखकाला सांगायचं की त्याच्याकडून शिकायचं?

जाता जाता आणखी एक. आमच्याकडे रविवारची पुरवणी बऱ्याचदा सोमवारी पडते, ती वितरकाच्या मर्जीने. त्यात 'आजचे कार्यक्रम' हे सदर असतं. कालचे कार्यक्रम आज वाचून आम्ही काय करावं, तेही एकदा छापा.

कळावे,
आपला एक जुना वर्गणीदार,
खानापूर