काका, तुम्ही तिच्या पायांकडे पाहिलंत

काका, सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातातही देता आलं असतं. पण चार लोकांसमोर माझ्या लेकीचा पाणउतारा झाला, तर आभारही चार लोकांसमोरच मानायचे, असं मी ठरवलं.

माझी लेक रोइंग करते, म्हणजे शर्यतीची बोट वल्हवते. आधी शिकायची त्या ठिकाणी ती दर शर्यतीत चौथी यायची. ‘अंगात ताकद नाही’, ‘उंची कमी पडते’, ‘बारावी आहे, आता अभ्यासाला लावा’, असं जो तो ऐकवून जायचा. फी मात्र वेळच्या वेळी घेतली. ती बोटीत बसते कशी, हे एकानेही वाकून पाहिलं नाही.

तुम्ही पहिल्याच सकाळी पाहिलंत. बोटीतले शूज फळीला पक्के बसवलेले असतात. ते होते १० नंबरचे, मोठ्या पुरुषाच्या मापाचे, आणि माझ्या पोरीचा पाय ४ नंबरचा. ती आत कापड कोंबून वल्हवायची. तिला तसंच सांगितलेलं होतं. रोइंगमध्ये जोर हातांचा नसतो, पायांचा असतो, हे मला तुमच्याकडून कळलं. पायच सरकत असेल तर ताकद जाणार कुठे?

दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या मापाचे शूज घेऊन आलात. ओल्या जेट्टीवर गुडघे टेकून, पाना घेऊन एकेक नट काढलात आणि नवे बसवलेत. बोट उलटली तर पाय चटकन सुटावा म्हणून टाचेला दोरी असते. ती बांधून, दोनदा ओढून पाहिलीत. पैसे विचारले तर म्हणालात, ‘घरात पडूनच होते.’ काका, तुमच्या घरात ४ नंबरचे कोरे शूज कशाला पडून असतील? मला सगळं समजलं. तेव्हा बोलता आलं नाही, घसा दाटून आला होता.

नंतर टपरीवर चहा घेताना तुम्ही तिला मोबाईलवर न्यूझीलंडच्या एमा ट्विगची टोकियो ऑलिंपिकमधली अंतिम शर्यत दाखवलीत. सिंगल स्कल्स, २००० मीटर, बोटीत एकटी बाई. लंडनला २०१२मध्ये चौथी. २०१४मध्ये जगज्जेती झाली, तरी २०१६मध्ये रिओला पुन्हा चौथी! त्यानंतर तिने खेळच सोडला, नोकरी धरली. पण परत आली आणि टोकियोत, वयाच्या ३४व्या वर्षी, ७ मिनिटं १३.९७ सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम करून सुवर्ण घेतलं. पॅरिसला २०२४मध्ये, ३७व्या वर्षी, रौप्य. माझी लेक रात्री मला हे सगळं सांगत होती, तोंडपाठ. ‘आई, दोनदा चौथी’, हे तर तिने कितीदा तरी म्हटलं.

१९७६पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी रोइंग नव्हतंच, हेही तुम्हीच सांगितलंत. मग शूज पुरुषांच्या मापाचे असतात याचं नवल कसलं? नवल आहे ते तुमचं. कुणी न सांगता गुडघे टेकणारी माणसं या मुंबईत अजून आहेत. पहाटेच्या लोकलमध्ये सरकून जागा देणारी, पोरीबाळींना घरापर्यंत सोडणारी. त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत. मोठेपणा मात्र त्यांचाच.

पुढची शर्यत जवळ आली आहे. ती कितवी येईल ते येवो. तुम्ही काठावर हवे आहात. काकूंनाही घेऊन या, आणि डबा आणू नका, थालीपीठं मी करून आणते.

तुमची,
भांडुपची वहिनी