ग्रीसच्या उन्हात ऐट चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ग्रीसच्या सहलीवरचा लेख वाचला. ऑगस्टअखेरीस जावे, हा सल्ला बरोबर आहे. १५ ऑगस्टला तिथे मेरीमातेचा मोठा सण असतो, त्या सुमारास बेटांकडे जाणाऱ्या बोटी भरून वाहतात. तो उलटला की गर्दी ओसरू लागते आणि समुद्र अजून उबदार असतो. पण 'आपण भारतीय उन्हाला सरावलेले' हे लेखातले वाक्य वाचून हसू आले. याच ऐटीत आम्ही दोघे गेलो होतो.

सहल कंपनीने अथेन्समधले ॲक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरची प्राचीन मंदिरे, ठेवले होते सकाळी साडेअकराला. आधी निवांत नाश्ता, मग बसमधून शहर, मग टेकडी. वर सावली म्हणावी तर एरेक्थिऑन या मंदिराशेजारचे एक ऑलिव्हचे झाड, आणि तिथेही आत जायला मज्जाव. पायाखालचा दगड लोकांच्या चालण्याने इतका गुळगुळीत झालाय की आमचे हे दोनदा घसरले. ऊन वरून लागत होते तेवढेच खालूनही. हवा कोरडी, घाम आल्याबरोबर वाळतो, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले ते डोके गरगरेपर्यंत कळत नाही.

आणि खरे सांगा, घरी आपण भर दुपारी उन्हात फिरतो कुठे? पडदे ओढून पंख्याखाली पडतो. आपल्याला सवय आहे ती ऊन टाळायची. परदेशात मात्र पैसे वसूल करायचे असतात! ग्रीक माणसे आपल्यापेक्षा शहाणी. उन्हाळ्यात दुपारी ३ ते साडेपाच ही तिथे नियमानेच शांततेची वेळ, म्हणजे वामकुक्षीला सरकारी संरक्षण. जुलै २०२३ आणि जून २०२४ मधल्या उष्णतेच्या लाटांत तर ॲक्रोपोलिसच दुपारी १२ ते ५ बंद ठेवावे लागले. त्याच जूनमध्ये बेटांवर उन्हात पायी निघालेले काही परदेशी पर्यटक दगावले.

तेव्हा पैसे भरण्याआधी कार्यक्रमपत्रिकेत ठिकाणांपेक्षा वेळा वाचा. ॲक्रोपोलिसचे तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि दिवसाला २० हजार माणसांचीच मर्यादा आहे. सकाळी ८ चे मागा. दुसरे, एजियन समुद्रात उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो चढला की बोटी बंदरातच थांबवतात. बेटावरून सकाळी निघून संध्याकाळचे विमान गाठायचा बेत कोणी आखून दिला तर साफ नाही म्हणा. शेवटची रात्र अथेन्समध्येच हवी.

आम्ही वर पुन्हा गेलो नाही. दुसऱ्या दिवशी उन्हे उतरल्यावर समोरच्या फिलोपाप्पू टेकडीवर गेलो. तिथे तिकीट नाही, पाइनची झाडे आहेत, वारा होता. ॲक्रोपोलिसवरचे मुख्य मंदिर, पार्थेनॉन, नीट पाहिले ते तिथून, दगडावर बसून.

– आपली एक नियमित वाचक