त्या रात्रीचं आमेन

लाइपझिग, जर्मनी
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय आई,

प्रभू येशूच्या नावात तुला सलाम. दादा-वहिनींना सलाम, आणि छोटीला पापा.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण ही गोष्ट फोनवर काढली की मला रडू येतं आणि मग तूच माझी समजूत घालत बसतेस. म्हणून लिहिते आहे. चष्मा लावून सावकाश वाच.

आज इथे 'एर्न्टेडांकफेस्ट' होता, म्हणजे आपला कापणीचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी करतात. वेदीसमोर लाल भोपळे, सफरचंदं, बटाटे, गव्हाच्या पेंढ्या आणि मधोमध एक भलामोठा पाव मांडला होता. आपल्याकडची बाजरी, कांदे, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली कोंबडी यांतलं काही नव्हतं, लिलावाचा गोंधळही नव्हता. तरी दारातून आत गेल्याबरोबर धान्याचा वास आला आणि पप्पाच आठवले.

आई, मला तुझी क्षमा मागायची आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी घरी पोचले तेव्हा पप्पांच्या दफनाला एक रात्र उलटून गेली होती. विमानतळावरून थेट कबरस्तानात आले होते. ओली काळी माती आणि तिच्यावर चिखलाने माखलेले हार, एवढंच मला बघायला मिळालं. त्या संध्याकाळी शेजारच्या मावशींनी पिठलं-भाकरी आणून दिली. आपण ताटावर बसलो आणि सगळे थांबलो, कारण प्रार्थना नेहमी पप्पा करायचे. दादाने दोनदा घसा खाकरला, पण त्याच्याने बोलवेना. मग तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, 'हे पित्या, या अन्नाबद्दल तुझी उपकारस्तुती करते. छत्तीस वर्षं मला यांची सोबत दिलीस, त्याबद्दलही करते.' सगळे आमेन म्हणाले. मी म्हटलं नाही.

मला तुझा राग आला होता. नऊ रात्री मी इथे ड्यूटीवर औषधांच्या खोलीत उभी राहून पप्पांसाठी प्रार्थना केली होती. ती ऐकली गेली नाही, आणि तू आभार मानत होतीस. आपल्या मंडळीत साक्षी होतात ना, डॉक्टरांनी आशा सोडली होती पण प्रभूने उठवलं, अशा? त्या मी लहानपणापासून आनंदाने ऐकल्या. पण नर्स झाल्यावर मी शेजारची खाटही पाहिली. तिथल्या माणसाच्या घरच्यांनीही गुडघे टेकलेले असतात. त्यांनी कुठली साक्ष द्यायची? या वेळी शेजारची खाट आपली होती.

परत आल्यावर मी जेवणाआधीची प्रार्थना सोडली. हात सवयीने जुळायला लागायचे, मी ते सोडवून चमचा उचलायचे. चर्चला जात होते, तुला खोटं सांगितलं नाही. पण ताटावर मात्र गप्प.

मी काम करते त्या वृद्धाश्रमात एक आजीबाई आहेत. नव्वदीच्या पुढच्या. स्वतःच्या मुलीला ओळखत नाहीत, सकाळी जेवल्या की नाही ते दुपारी सांगता येत नाही. माझ्या बरोबरीच्या बहुतेक मुली कुठल्याच चर्चच्या नाहीत, त्यामुळे या आजी ताटावर काय पुटपुटतात याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. एकदा भरवताना मी कान दिला. त्या गात होत्या. 'नून डांकेट आले गॉट', म्हणजे आता सगळे देवाचे आभार माना. आईच्या उदरापासून, चिमुकल्या पावलांपासून त्याने आपलं भलं केलं, असं त्यात आहे. तिन्ही कडवी पाठ, एक शब्द चुकला नाही. पप्पा रोज रात्री १०३ वं स्तोत्र म्हणायचे, आठवतं? 'त्याचे सगळे उपकार विसरू नको.' ज्या बाईला सगळं विसरायला झालंय तिला नेमकं हेच आठवत होतं. मी चमचा खाली ठेवला आणि ती थांबेपर्यंत ऐकत बसले.

आमच्या पाळकबाईंना विचारलं तेव्हा त्या मला आयलेनबुर्गला घेऊन गेल्या. इथून लोकल गाडीने साधारण अर्धा तास. त्या गावचे पाळक मार्टिन रिंकार्ट, त्यांनी हे गीत लिहिलं. पिंपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा, जन्म १५८६ चा, शाळा इथल्याच सेंट थॉमस चर्चची, जिथे पुढे मोठे संगीतकार बाख संगीत शिकवायला आले. रिंकार्ट गावात पाळक झाले आणि वर्षभरात, १६१८ मध्ये, तीस वर्षांचं युद्ध सुरू झालं. गावाला तट होता म्हणून आजूबाजूचे लोक जीव वाचवायला आत शिरले आणि त्या दाटीत प्लेग पसरला. १६३७ हे सगळ्यांत वाईट वर्ष. बाकीचे पाळक मेले किंवा निघून गेले, उरले हे एकटे. कधी कधी दिवसाला चाळीस-पन्नास दफनं. त्या एका वर्षात त्यांनी चार हजारांहून जास्त माणसांना माती दिली, आई, आणि त्यांत त्यांची बायकोही होती.

साथीमागून दुष्काळ आला. मेलेल्या मांजरासाठी, कावळ्यासाठी माणसं रस्त्यात भांडत होती. रिंकार्टनी पुढच्या काही वर्षांची मिळकत गहाण टाकून लोकांना भाकरी आणि कपडे दिले. १६४८ मध्ये तह झाला, पुढच्याच वर्षी ते गेले.

आणि हे गीत मुळात कशासाठी लिहिलं, तर घरच्या मेजावर म्हणायची छोटी प्रार्थना म्हणून! मोठमोठ्या समारंभांत ते नंतर गेलं. हे कळल्यावर मी त्या चर्चमध्ये बाकावर बसले ती उठेचना. माझ्या डोळ्यांसमोर सारखं तेच येत होतं, चाळीस माणसांना पुरून घरी आलेला पाळक, समोर तुटपुंजं ताट, समोरची जागा रिकामी. त्याने त्या ताटावर काय म्हटलं असेल? आणि त्याच्या जागी मला तू दिसलीस. मावशींची भाकरी, पिठलं, आणि तुझे मिटलेले डोळे.

मी तुला चुकीचं समजले होते. पप्पा गेले ते बरं झालं, असं तू म्हणतच नव्हतीस. देवाचा हिशेब चुकता करत नव्हतीस. जे मिळालं होतं ते मिळालं होतं, एवढं तू त्याच्यासमोर धरून ठेवत होतीस, म्हणजे ती एक रात्र त्या छत्तीस वर्षांना खाऊन टाकणार नाही. माझी प्रार्थना का ऐकली नाही, ते अजून मला कळलेलं नाही. तो प्रश्न मी येशूजवळच ठेवलाय. तोही लाजराच्या कबरेपाशी रडला होता, म्हणून त्याच्याजवळ ठेवायला मला भीती वाटत नाही.

आज उपासनेच्या शेवटी ऑर्गनवर हेच गीत वाजलं. मी जर्मन शब्दांनी सुरुवात केली आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत माझ्या तोंडी मराठीच आलं, चालीत बसेल न बसेल तसं. घरी येऊन खिचडी टाकली. ताट पुढे घेतलं, हात जोडले, आणि तू म्हणाली होतीस ती प्रार्थना शब्दाला शब्द म्हटली, माझ्या एकोणतीस वर्षांच्या आकड्यासह. मग आमेन म्हटलं. ते एक तुझ्या त्या रात्रीसाठी होतं.

आपला कापणीचा सण जवळ आला असेल. माझ्याकडून एक पायली बाजरी वेदीजवळ ठेव, पैसे मी दादाकडे पाठवले आहेत. आणि लिलावात पप्पा दर वर्षी एका नारळाची बोली भलतीच चढवायचे, तू डोळे वटारायचीस तरी थांबायचे नाहीत. यंदा तो नारळ दादाला सोडू देऊ नकोस. कितीला गेला ते मला त्याच दिवशी कळव.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
बेबी