सायकलफेरीचा शेवटचा दिवस पाहुण्यांच्या वेळेला बांधू नका

महोदय,

दिवाळी झाली की पुणे, सातारा, कोल्हापूरहून गोव्याकडे जाणाऱ्या सायकलफेऱ्यांचा हंगाम सुरू होतो. कुणी रुग्णांसाठी, कुणी शाळेसाठी, कुणी वसतिगृहासाठी निधी गोळा करत निघालेले असतात. त्यांच्या समारोपाचे फोटो आपल्या अंकात येतात, ते यावेतच. पण त्या समारोपासाठी ठरवलेली वेळच शेवटच्या दिवसाचा घात करते, हे आयोजकांच्या कानावर घालावे म्हणून हे पत्र.

पाहुणे अकराला येणार, हॉल दीडपर्यंतच मिळाला आहे, म्हणून आंबोलीचा मुक्काम पहाटे साडेपाचलाच हलवतात. आंबोली ते पणजी अंतर साधारण ९० किमी आणि सुरुवातीलाच उतार. कागदावर फेरीतला सगळ्यात सोपा दिवस हाच. प्रत्यक्षात चार दिवसांचा थकवा, झिजलेले ब्रेक, बधिर झालेले हात आणि ‘आता काय, पोचलोच’ ही भावना, हे सगळे त्याच सकाळी घाटाच्या तोंडावर एकत्र येते.

आंबोलीचा घाट साधारण सहाशे मीटर खाली उतरवतो. वेग आवरत उतरताना सायकल आणि स्वार यांच्या वजनाची एवढ्या उतारावरची बरीचशी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरते. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, घासणारे) सतत धरून ठेवले की रिम तापते, आतली हवा फुगते आणि ट्यूब फुटते, तीही नेमकी वळणावर. रिम ब्रेक लावलेल्या कार्बनच्या रिमला तर हा ताप फारसा सोसत नाही. अशी चाके घाटासाठी आणूच नयेत. डिस्क ब्रेकला (चाकाच्या मध्यावरच्या चकतीला घासणारे) वेगळा त्रास. फार तापलेले पॅड, म्हणजे घासणारे गुटके, गुळगुळीत होतात, हँडलवरची लिव्हर दाबली तरी पकड येत नाही. म्हणून सरळ पट्ट्यात थोडे सोडायचे, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवायचा आणि वळणात ब्रेक जवळजवळ सोडून द्यायचे. ‘पुढचा ब्रेक दाबला की उलटतो’ या समजुतीने अनेक जण फक्त मागचा धरतात. मग मागचे चाक घसरते. खरी पकड पुढच्या ब्रेकमध्येच असते. तो हळूहळू वाढवत दाबायचा, एकदम नाही.

ही तपासणी आदल्या संध्याकाळी, उजेड असताना करायची. रिम ब्रेकच्या पॅडवरच्या खाचा बुजल्या असतील किंवा डिस्क पॅडचा घर्षणाचा थर १ मिमीच्या खाली गेला असेल, तर पॅड तिथेच बदलावेत. केबल ताणली गेली असेल तर बॅरल ॲडजस्टर (केबलच्या टोकाची ताण बदलणारी गोल चावी) थोडा उलटा फिरवून ती घट्ट करावी. याहून महत्त्वाची आणि कुणीच न पाहणारी गोष्ट म्हणजे हात. चार दिवस हँडलवर भार टाकून तळव्यातली नस दबते, करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होते, पंजाची ताकद घटते. अशा हाताला लांब असलेली लिव्हर पुरेशी दाबता येत नाही. बहुतेक लिव्हरला ती हँडलच्या जवळ आणणारा छोटा स्क्रू असतो, तो फिरवून घ्यावा. ज्याची पकड अगदीच गेली आहे त्याने घाट बॅकअप गाडीतून उतरावा. घाटाच्या पायथ्याला दानोलीत पुन्हा सायकलवर बसता येते, यात कमीपणा काही नाही.

घाटात सकाळी धुके असते, पाऊस संपला तरी कातळातून झिरपणाऱ्या पाण्याने रस्ता जागोजाग ओला असतो, आणि पर्यटकांनी खाऊ घालून सोकावलेली माकडे कठड्यावर बसलेली असतात. त्यामुळे रस्ता स्वच्छ दिसू लागेपर्यंत निघूच नये. २८ मिमीच्या टायरमध्ये एरवी ८० पीएसआय हवा ठेवणाऱ्याने ७०-७२ वर आणावी, ओल्यावर पकड सुधारते. आठ-दहा जणांच्या तुकड्या दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडाव्यात, दोन सायकलींत किमान पाच-सहा सायकलींची जागा, तुकडीत ओव्हरटेक बंद. सपाटीवर एकमेकांच्या मागे चिकटून चालवायची सवय घाटात मोडावीच लागते.

दानोलीत मोजणी करा, तीही नावाने. ‘चाळीस होते, चाळीस आहेत’ या हिशेबात एक सुटतो आणि वाटेत भेटलेला स्थानिक सायकलस्वार त्याच्या जागी मोजला जातो.

सावंतवाडीनंतर हवा पालटते. थंड पठारावरून आलेल्या शरीराला कोकणातला दमट उकाडा झेपत नाही, कारण घाम वाळत नाही आणि न वाळलेला घाम अंग गार करत नाही. इन्सुलीचा चढ, बांदा, पत्रादेवी आणि पुढे पेडणे तालुक्यातले चढउतार नेमके दहा ते बाराच्या उन्हात येतात. ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, पण नुसते पाणी पीत राहणेही घातक; रक्तातले मीठ उतरते. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते ७५० मिलीच्या बाटलीत ओतले की द्रावण जास्त तीव्र होते आणि मळमळते. अर्धे पाकीट अर्ध्या लिटरमध्ये, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. खायला तासाला एक-दोन केळी किंवा मूठभर खजूर. बांद्याला मिसळ हाणून पुढे पेडण्यात पोट धरून बसणारे दरवर्षी दिसतात.

महामार्गावर एकेरी ओळ. फोटोसाठी फलक धरून तिघे-तिघे शेजारी चालवणे, हातात मोबाईल घेऊन चित्रीकरण करणे हे प्रकार शेवटच्या दिवशीच होतात आणि मागून येणाऱ्या ट्रकचालकाला त्यांचे कौतुक नसते.

सगळ्यांनी एकत्र प्रवेश करायचा आग्रह समजण्यासारखा आहे. पण त्यासाठी पुढच्यांना पर्वरीच्या गर्दीत अर्धा तास उन्हात उभे करण्यापेक्षा म्हापशाहून साळगाव, नेरूळ, वेरे करत बेतीला यावे. तिथे सावलीत थांबावे आणि बेती–पणजी फेरीबोटीने दहा-दहाच्या गटाने मांडवी ओलांडावी. मोठा पूल टळतो, शेवटचा माणूसही पोचतो. फेरीबोटीच्या उतरत्या, ओल्या धक्क्यावर मात्र सायकलवरून उतरून चालायचे. क्लीटचे (पॅडलमध्ये अडकणाऱ्या तळपट्टीचे) बूट तिथे बर्फासारखे घसरतात. पलीकडे जेट्टीपासून मिरामारपर्यंतचे थोडेसे अंतर सर्वांनी मिळून, निवांत.

आता समारोप. पाच तास पाय चालवून माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांत साचते, मेंदूकडे कमी जाते आणि चक्कर येते. शाल-श्रीफळाच्या रांगेत कोसळणारा सायकलस्वार बहुतेक वेळा यामुळेच पडतो, आणि लोक त्याच्याभोवती घोळका करून त्याला बसते करतात. त्याला आडवे झोपवून पाय उंच धरायला हवेत. लगेच शुद्धीवर आला नाही तर तातडीने १०८ ला फोन. मुळात पोचल्यावर दहा मिनिटे चालू द्यावे, पाणी, खाणे, कोरडे कपडे व्हावेत, मगच खुर्च्यांवर बसवून कार्यक्रम करावा. म्हणूनच आमची सूचना अशी की समारोप संध्याकाळी पाचनंतर ठेवा. पाहुणे आधी येऊन बसले तर त्यांना चहा द्या. सायकलस्वारांना फोन करू नका.

निधीचा आकडा जाहीर करताना वाटेत पेटीत जमलेली रोख रक्कम दोघांच्या सहीने मोजलेली असावी, आणि मुक्काम, जेवण, टी-शर्ट यांचा खर्च देणगीतून वजा केलेला नाही हे स्पष्ट सांगावे. दोन हजारांच्या वर रोख देणाऱ्याला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हेही पावती देतानाच सांगितलेले बरे.

परतीचा टेम्पो भरताना पॅडल काढावे लागते. डावे पॅडल उलट्या आट्याचे असते, ते घड्याळाच्या दिशेने सुटते. हायड्रॉलिक डिस्कचे चाक काढले तर पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालावा, नाहीतर लिव्हर चुकून दाबली गेली की पॅड मिटून बसतात. सायकली डिरेलरची (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची) बाजू वर ठेवून, मध्ये जुनी घोंगडी घालून रचाव्यात. आणि त्याच रात्री चोरला किंवा आंबोलीचा घाट चढून परत निघायचे टाळावे. बॅकअप गाडीचा चालकही चार दिवस ताशी वीसच्या वेगाने गाडी हाकत, पहाटेपासून जागा असतो. त्याच्यासाठी पणजीत एका रात्रीची खोली धरण्याचा खर्च फेरीच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच लिहावा.

आपले,
पुणे–गोवा मार्गावर सायकलफेऱ्यांना साहाय्य करणारे कार्यकर्ते, कोल्हापूर