थांबली की तापणारी मोटरसायकल आणि न फिरणारा पंखा

इंदूर, २ जून २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : रेडिएटरच्या पंख्यातील दोष चार फेऱ्यांत न शोधता वायर परस्पर ‘डायरेक्ट’ जोडून दिल्याबद्दल तक्रार.

महोदय,

तुमच्या कंपनीची लिक्विड कूल्ड (कूलंट या द्रवाने इंजिनाची उष्णता रेडिएटरच्या जाळीपर्यंत नेऊन थंड होणारी) मोटरसायकल आम्ही २४ ऑक्टोबर २०२३ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतली. गाडी माझ्या नावावर आहे. माझा मुलगा ती रोज रामबागेतून पीथमपूरला कारखान्यात कामावर नेतो, सुटीच्या दिवशी मीही मागे बसते. गाडीचा क्रमांक, चासी क्रमांक आणि बिले सोबत जोडली आहेत. वॉरंटी अजून संपलेली नाही.

दीड वर्ष गाडीने काही त्रास दिला नाही, हे आधी सांगते. मागचा अख्खा उन्हाळा ती राऊच्या चौराह्यावर, जेल रोडवर, राजवाड्याच्या गर्दीत उभी राहिली. मीटरवरच्या तापमानाच्या चौथ्या रेघेवर पंखा सुरू व्हायचा, मिनिट-दोन मिनिटांत बंद व्हायचा, त्यावरची रेघ कधी लागली नाही. म्हणून इंदूरच्या उन्हाचे कारण मला कोणी देऊ नये.

यंदा १९ मार्चला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला मुलगा राजवाड्याकडे गेला होता. परत आला तेव्हा गाडी हँडलपासून चाकापर्यंत रंगाने माखलेली. २२ मार्चला ती तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला सर्व्हिसिंगसाठी दिली. मी तिथे उभी होते. धुणारा मुलगा प्रेशर पंपाचा झोत वीतभर अंतरावरून सरळ रेडिएटरवर आणि त्याच्या मागच्या वायरिंगवर मारत होता. रेडिएटरच्या पातळ पात्यांवर असे पाणी मारू नये, हे मी त्याला तेव्हाच सांगितले. रंग निघत नाही, असे तो म्हणाला. त्यानंतर दहा-बारा दिवसांतच गाडी तापू लागली.

आता तापणे म्हणजे नेमके काय, ते नीट सांगते, कारण चारही वेळा मला हे वाक्य पूर्ण करू दिले नाही. पीथमपूरच्या रस्त्यावर साठच्या वेगाने गाडी तीन रेघांवर स्थिर असते, भर दुपारीसुद्धा. सिग्नलला किंवा गर्दीत तीन-चार मिनिटे उभी राहिली की चौथी रेघ, पाचवी रेघ, मग मीटरवरचा तापल्याचा इशारा देणारा लाल दिवा. पुन्हा चालू लागली की वाऱ्याने आपोआप खाली. एवढ्यावरूनच अर्धे निदान होते. कूलंट कमी असता, पाण्याचा पंप बिघडला असता किंवा थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) बंद अवस्थेत अडकला असता, तर गाडी हायवेवरही तापली असती. चालत्या गाडीत रेडिएटरला समोरचा वारा मिळतो आणि थांबल्यावर फक्त पंखा. जो दोष फक्त थांबल्यावर दिसतो, तो आधी पंख्यात शोधायचा. मी तीस वर्षे एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. हे सांगायला मेकॅनिक असावे लागत नाही.

७ एप्रिलला पहिली फेरी. सर्व्हिस ॲडव्हायझरने माझे अर्धे ऐकले आणि उरलेले मुलाकडे बघून बोलला. “गर्मी में सब गाड़ियाँ गरम होती हैं, भैया.” कूलंट बदलले, ७६० रुपये. २५ एप्रिलला रेडिएटर फ्लश, ५५० रुपये. ८ मेला थर्मोस्टॅट, मजुरीसह १,९४० रुपये. हा भाग वॉरंटीत बसत नाही, कारण तो ‘गरमीने खराब’ झाला, असे सांगितले. गरमी का झाली, हा प्रश्न मी विचारला आणि तो तसाच राहिला. काढलेला जुना थर्मोस्टॅट मागितला, तोही दिला नाही. तिन्ही जॉब कार्डांवर ‘पंखा’ हा शब्द माझ्या सांगण्यावरून तक्रारीच्या रकान्यात लिहिलेला आहे. केलेल्या कामाच्या रकान्यात तो एकदाही नाही.

१६ मेच्या संध्याकाळी आम्ही सुदामा नगरातून वास्तुशांतीचे जेवण करून परतत होतो. महू नाक्याजवळ पुढे वरात होती, रस्ता बंद. पाच मिनिटांत लाल दिवा लागला. मुलाने लगेच इंजिन बंद केले, तरी खालच्या ओव्हरफ्लो नळीतून कूलंट फसफसून बाहेर आले. मागच्या टायरवर सांडले, रस्त्यावर पसरले, माझ्या साडीच्या काठावर हिरवे डाग पडले. ते अजून गेलेले नाहीत. शेजारच्या पानाच्या ठेल्यावरचा एक भला माणूस बादली घेऊन आला आणि रेडिएटरचे झाकण उघडायला वाकला. मी त्याचा हात धरला. झाकण आत दाब धरून ठेवते, म्हणूनच कूलंट शंभराच्या पुढे जाऊनही उकळत नाही. त्या वेळी झाकण फिरवले असते तर दाब एकदम सुटून सगळे उकळते पाणी त्याच्या तोंडावर आले असते. गाडी थंड व्हायला चाळीस मिनिटे लागली. कूलंट सांडलेल्या टायरवर गाडी चालवू द्यायची माझी तयारी नव्हती. लोडिंग रिक्षात घालून घरी आणली, ९०० रुपये.

दोन दिवसांनी, १८ तारखेच्या रविवारी, मी स्वतः तपासले. काहीही उघडले नाही, एकही स्क्रू फिरवला नाही. वॉरंटीचा मुद्दा पुढे येईल हे मला कळत होते.

गाडी अंगणात मोकळ्या हवेत स्टँडवर लावली. भिंतीवरच्या थर्मामीटरवर ३४ अंश होते. प्रयोगशाळेतून परवानगी घेऊन लांबूनच तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आणला होता. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र खोटे, कमी तापमान दाखवते. म्हणून रेडिएटरच्या वरच्या कडेला काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला आणि दर मिनिटाला त्यावरच नेम धरला. मुलगा घड्याळ बघून आकडे लिहीत होता. पहिली काही मिनिटे तो तुकडा नुसता कोमट होता, मग मिनिटभरात एकदम ऐंशीकडे चढला. म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो आणि कूलंट फिरते. अकराव्या मिनिटाला टेपवर ९८, चौथी रेघ, पंखा गप्प. तेराव्या मिनिटाला १०४, पाचवी रेघ, पंखा गप्प. मग मी लाटण्याच्या टोकाने पंख्याच्या वायरीचा कनेक्टर मागून हलकेच वर दाबला. लाटणे घेतले ते हात पात्यांपासून लांब राहावा म्हणून. पंखा त्याच क्षणी भर्रकन सुरू झाला. दोन मिनिटांत टेप ९१ वर आली आणि पंखा आपला आपण थांबला. पुन्हा तापू दिली. कनेक्टर न दाबता पंखा बंद, दाबला की सुरू. असे तीनदा केले. तिन्ही वेळचा व्हिडिओ सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये आहे.

पंखा वेळेवर सुरू व्हायला तयार होता आणि थंड झाल्यावर स्वतःहून बंदही झाला, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. याचा अर्थ तापमानाचा सेन्सर बरोबर, गाडीतला संगणक बरोबर, त्याच्या हुकमाने पंख्याला वीज देणारा स्विच म्हणजे रिले बरोबर, मोटर बरोबर. खराबी त्या एका कनेक्टरमध्ये. माझे १,९४० रुपये थर्मोस्टॅटवर घालवायची काही गरज नव्हती.

२० मेला हा व्हिडिओ घेऊन मी चौथ्यांदा गेले. ॲडव्हायझरने गाडीला बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला आणि ‘कोई कोड नहीं है’ म्हणाला. बहुतेक गाड्यांत संगणकाची नजर रिलेच्या कॉइलपर्यंतच असते. रिलेपासून मोटरपर्यंतची वायर सैल असली तर त्याला ते कळत नाही आणि कोडही पडत नाही. मग मेकॅनिकने माझ्यासमोर कनेक्टर उपसला. दोन पिनांपैकी एकीवर हिरवट थर होता, तांब्याच्या जुन्या तारांवर ओल लागून चढतो तसा. मी मोबाइलवर फोटो काढला. मला वाटले, आता तरी कनेक्टर बदलतील. ‘पार्ट मागवावा लागेल, तोवर चालू करून देतो,’ असे म्हणून गाडी आत नेली आणि तासाभराने परत दिली. पंखा फिरत होता. किल्ली फिरवल्याबरोबर फिरत होता, इंजिन थंड असतानाही.

चार दिवसांनी सकाळी गाडी पुसताना टाकीखाली मला एक नवी लाल वायर दिसली. इग्निशनच्या वायरीचे आवरण सोलून ती त्यावर नुसती पीळ देऊन बांधली होती. सोल्डरचा डाग दिलेला नाही, कनेक्टर नाही, मध्ये फ्यूज नाही. वरची टेप चारच दिवसांत उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने सैल पडून तांबे उघडे दिसत होते. ते पेट्रोलच्या टाकीखाली, हातभर अंतरावर. मूळ वायरिंगमधला रिले आणि पंख्याचा फ्यूज दोन्ही आता त्या साखळीबाहेर आहेत.

महोदय, माझी खरी तक्रार इथे आहे. पैसे गेले ते एक वेळ सोडून देता येतील. पण माझा मुलगा पहाटे सव्वापाचला अंधारात ज्या गाडीवर बसून निघतो, तिच्या टाकीखाली उघडी तार बांधून तुमच्या अधिकृत सेंटरने ‘हो गया’ म्हणून किल्ली हातात दिली. मला कोणी विचारले नाही, जॉब कार्डावर लिहिले नाही. तिथे फक्त ‘फॅन चेक, ओके’ असे आहे. २०१७ पासून दुचाकीचा हेडलाइट कायम लागलेलाच असतो, त्यात हा पंखा किल्लीबरोबर अखंड. गर्दीत इंजिन आयडलवर असताना बॅटरीवर त्याचा भार पडतो. आठवड्याने एका सकाळी सेल्फने गाडी उचलली नाही, ती बहुधा त्याचमुळे. आणि पंखा सतत फिरत असल्याने मूळ दोष आता कोणाला दिसणारच नाही.

गाडी उचलली नाही त्या दिवसापासून मी ती बंद ठेवली आहे. मुलगा कारखान्याच्या बसने जातो. बस पाटनीपुऱ्याहून सुटते, म्हणून त्याला घरातून पाऊण तास आधी निघावे लागते.

माझी मागणी अशी की, पंख्याचा कनेक्टर आणि खराब झालेला वायरिंगचा भाग वॉरंटीत नवीन बसवावा, रिले आणि फ्यूजसह मूळ जोडणी पूर्ववत करावी, सोललेली इग्निशनची वायर बदलावी. गाडी निदान सहा वेळा लाल दिव्यापर्यंत तापली आहे. तेव्हा हेड गॅस्केट, कॉम्प्रेशन आणि कूलंटची गळती तपासून त्याचा आकड्यांसहित लेखी अहवाल द्यावा. तोंडी ‘सब ठीक है’ मी घेणार नाही. अनावश्यक कामांचे ३,२५० आणि वाहतुकीचे ९०० असे ४,१५० रुपये परत करावेत. शिवाय सर्व सेंटरना लेखी कळवावे की थांबल्यावर तापणाऱ्या गाडीत आधी पंख्याची जोडणी हाताने तपासायची, रेडिएटरवर प्रेशर पंप मारायचा नाही आणि पंखा डायरेक्ट करून द्यायचा नाही. या शेवटच्या सूचनेची प्रत मला मिळाली तर मी बाकीच्या रकमेवर अडून बसणार नाही, इतकी ती मला महत्त्वाची वाटते. त्या सेंटरमध्ये माझ्या रांगेत आणखी दोघे ‘गरम होती है’ म्हणत उभे होते.

हे पत्र रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने पाठवत आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीबद्दल अर्ज करीन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, हे मी विचारून घेतले आहे. पण मला तिथे जायची हौस नाही. मला ही गाडी नीट करून हवी आहे, ती आम्हाला आवडते.

तुमचा तंत्रज्ञ घरी पाठवणार असाल तर सकाळी दहाच्या आत पाठवा, इंजिन पूर्ण थंड असेल. त्याच सेंटरचा माणूस नको. लाल वायर मी तशीच ठेवली आहे, बॅटरीची फक्त निगेटिव्ह तार काढून ठेवली आहे. टेपचा काळा तुकडाही रेडिएटरवर आहे. जोडणी दुरुस्त झाल्यावर त्याच जागी तापमान मोजून, पंखा किती अंशांवर सुरू होतो आणि किती अंशांवर थांबतो ते आकडे माझ्यासमोर लिहून द्यावेत.

आपली,
गाडीमालक
रामबाग, इंदूर

सोबत : चार जॉब कार्डे व बिले, लोडिंग रिक्षाची पावती, १८ मेच्या नोंदींचा कागद, कनेक्टर व लाल वायरीचे फोटो, व्हिडिओचा पेन ड्राइव्ह.